वाटेत हाक मारायची नाही

आमच्या गावात रस्त्यानं सरळ चालत गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. घरातून पाऊल बाहेर टाकलं की पहिल्याच दारातून हाक येणार, "कुठं चाललीस गं?" डोक्यावर दळणाचा डबा दिसत असतो, गिरणी समोर घरघरत असते, तरी विचारणार. आणि विचारलं की थांबायचं. नुसतं "दळायला" म्हणून पुढे गेलात तर चालत नाही. डबा खाली ठेवायचा, त्यांची सून माहेराहून आली का ते विचारायचं, त्यांनी आपल्या घरचं विचारायचं, मग निघायचं. असं केलं नाही तर संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीपाशी ऐकू येतं, "लई शिष्ट झालीय ती." ह्या थांबण्यापायी आमच्या घरातला कुत्रा जायची वेळ आली होती.

कुत्रा आणला होता ह्यांनीच. आमचं गाव भिवपुरी आणि कळंबच्या मधलं, हे साजगावला कंपनीत शिफ्टला जातात. एकदा सकाळी कामावरून आले ते जर्किनच्या चेनमधून दोन कान बाहेर. कंपनीच्या गेटपाशी पिल्लू सापडलं होतं. मी विचारलं, "हे काय आणि?" तर म्हणाले, "बाबांसाठी."

बाबा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. जन्मभर पॉवर हाऊसमध्ये नोकरी केलेला माणूस, निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी नाक्यावर चहाला जाणारा, वाटेत भेटेल त्याला जय भीम घालणारा. पण आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या आणि मामा घराबाहेर पडेनासे झाले. ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. मला भांडणारा माणूस परवडतो हो, गप्प बसणारा नाही. मी दारातल्या मशीनवर ब्लाउज शिवता शिवता त्यांच्याशी बोलत राहायची आणि ते नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"ची मला फार भीती वाटायची.

पिल्लू बघून मामा ह्यांच्यावर ओरडले, "कुत्रं कशाला आणलंस रं? आपल्याला झेपायचं नाय!" आत्या गेल्यापासून इतक्या मोठ्यांदा ते पहिल्यांदाच बोलत होते. मी आत स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले. पिल्लाला बाहेर न्यावं लागतं, नाहीतर ते घरातच करतं. मी मशीनवर, हे कामावर. मग कोण नेणार? मामा. आधी अंगणात, मग गल्लीत, मग विहारापर्यंत, आणि पावसाळा संपायच्या आत दोघं नाक्यावर चहाला जायला लागले. मामा त्याला "गड्या" म्हणायचे, म्हणून आम्हीही गड्याच म्हणायला लागलो. रस्त्यावर टेंपो, डंपर आणि शनिवार-रविवारी रिसॉर्टला जाणाऱ्या गाड्यांची झुंबड, म्हणून त्याला पट्टा. अख्ख्या गावात पट्ट्यानं फिरणारा तो एकटाच कुत्रा. "म्हातारा कुत्र्याला फिरवतो का कुत्रा म्हाताऱ्याला?" असं लोक विचारायचे, आणि मामा म्हणायचे, "तुला कोन फिरवतंय ते बघ आधी."

पिल्लू वर्षाचं झालं आणि त्याचं डोकंच फिरलं. मोकळा असला की दुसऱ्या कुत्र्याकडे शेपटी हलवत जायचा, वास घ्यायचा, वाकडी वाट करून निघून यायचा. पण पट्टा बांधलेला असला आणि समोर कुत्रा आला, की पुढचे दोन्ही पाय हवेत, डोळे बाहेर, आणि असा भुंकायचा की ऐकणाऱ्याचा जीव घाबरा व्हावा. आम्ही पट्टा आवळून धरायचो, "हाड्, हाड्" ओरडायचो, ओट्यावरची माणसं मदत म्हणून समोरच्या कुत्र्याला दगड हाणायची. ते कुत्रं केकाटायचं, गड्या आणखी पिसाळायचा. एका कुत्र्यापायी सगळी आळी गोळा.

गावाकडे इलाज काय कमी? "फटके द्या." "एक दिवस उपाशी ठेवा." "सोडा एकदा, चार चावे खाल्ले की सुधरंल." समोरच्या काकूंनी तर मीठ-मिरच्या आणून त्याची दृष्ट काढली. आमच्या घरात असलं काही करत नाहीत. मामांनी ते सगळं केव्हाच सोडलंय आणि काकूंना ते पक्कं ठाऊक आहे, पण काकू ऐकतात कुठं! मिरच्यांचा असा ठसका उठला की गड्या शिंकून बेजार, मामा खोकून बेजार. आणि दृष्ट काढलेला आमचा कुत्रा त्याच दुपारी काकूंच्याच म्हाताऱ्या कुत्रीवर धावून गेला. "लई कडक नजर हाय," काकू म्हणाल्या.

मग मामा पडले. भातकापणीचे दिवस होते. नाक्यावर त्यांना पॉवर हाऊसमधला जुना सोबती भेटला. त्यानं जय भीम घातला. मामा थांबले, त्याच्याकडे पूर्ण वळले आणि जय भीम घालायला दोन्ही हात जोडले. पट्टा मनगटाला गुंडाळलेला, एकदम आखूड. तेवढ्यात चहाच्या टपरीवरचा काळा कुत्रा मागून वास घेत आला. गड्यानं उसळी मारली आणि मामा रस्त्याकडेच्या कोरड्या गटारात. मनगट मोडलं. मी धावत गेले तर ते गटारात बसून गड्याला म्हणत होते, "तुला लागलं का रं?"

हे कामावरून आले, बापाच्या हाताला प्लास्टर बघितलं आणि जेवायलासुद्धा बसले नाहीत. कळंबकडच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर ह्यांच्या ओळखीचा. त्याला गेटवर कुत्रा हवा होता, थर्टी फर्स्टच्या गर्दीच्या आत. हे म्हणाले, "तिथं खायला-प्यायला भरपूर. मीच आनला, मीच देऊन टाकतो."

त्या रिसॉर्टचे पडदे मी शिवले होते. द्यायला गेले तेव्हा गेटपाशी त्यांचा आधीचा कुत्रा बघितला होता. हातभर साखळी. ती जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतची माती घासून गुळगुळीत झालेली, आणि तेवढ्याच मातीत त्याचं हगणं-मुतणं आणि खाणं. मी म्हटलं, "अहो, तिथं बांधून घालतात."

"मग काय करू? बाबांची कंबर मोडायची वाट बघू?"

 मामा उठले, ओट्यावर गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.  गड्या गेला तर हा माणूस आता पुन्हा उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं. बाकी कुणाला दिसत नव्हतं म्हणून मला सगळ्यांचा इतका राग आला की काय सांगू. मी ह्यांना म्हटलं, "त्याला थर्टी फर्स्टच्या आत पाहिजे ना? मग थर्टी फर्स्टपर्यंत कुत्रा माझा. तोवर सुधारला नाही तर तुम्ही म्हणाल तिथं न्या, मी अडवायची नाही."

"तू काय करनार?"

"ते माझं मी बघीन."

काय करणार हे मला तरी कुठं ठाऊक होतं! रिक्षा केली आणि गड्याला घेऊन कर्जतला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तरणी पोरगी, पण बोलणं ठाम. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हा भांडखोर नाही, ताई. भित्रा आहे. मोकळा असला की त्याला बाजूला होता येतं. बांधल्यावर कुठं जाणार? म्हणून आधीच आरडाओरडा करून ठेवतो. त्याला कुत्रा दिसला की तुम्ही काय करता?"

"पट्टा आवळते आणि ओरडते."

"आणि बाकीचे?"

"दगड मारतात."

"बघा. म्हणजे कुत्रा दिसला की गळा आवळतो, घरची माणसं ओरडतात आणि दगड पडतात. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी चावलेच असते," मी म्हटलं. ती हसली. मग तिनं समजावून सांगितलं. गळ्यातला पट्टा काढून छातीभोवती बसेल असा घाला. दोर लांब ठेवा, ढिला ठेवा. दुसरा कुत्रा इतक्या लांब असू दे की हा बघेल पण भुंकणार नाही. बघितलं रे बघितलं की तोंडात त्याच्या जिवाची आवडती वस्तू द्या. भुंकायच्या आधी. खात नसेल तर समजायचं आपण फार जवळ आलो, मागे फिरायचं. रोज थोडं थोडं अंतर कमी करायचं. "आणि एक लक्षात ठेवा, कुत्र्यांच्या जवळ पट्टा ताणून थांबू नका. चालत राहा, वळा, काहीही करा, पण थांबू नका."

"डॉक्टरीणबाई," मी म्हटलं, "तुम्ही एकदा आमच्या गावात या."

छातीचा पट्टा मीच शिवला. जुन्या दप्तराचे पट्टे उसवले, पोटाकडून मऊ कापडाचं अस्तर लावलं, दुहेरी शिलाई मारली. पहिला त्यानं चावून खाल्ला. दुसरा झकास बसला, अगदी बाहीसारखा. जिवाची आवडती वस्तू शोधायला लागली नाही. घरात सुकट भाजायला घेतली की गड्या दारात बसून लाळ गाळायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं म्हणून सुकट चांगली धुऊन मीठ काढलं, वाळवली, भाजली आणि ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून कमरेला लावली. त्या दिवसापासून आळीतली मांजरं माझ्या मागे फिरायला लागली. माप द्यायला आलेली एक नवरीची आई नाक मुरडून म्हणाली, "बाई, शालूच्या ब्लाउजला सुकटीचा वास नको हां." मी म्हटलं, "वासाचे वेगळे पैसे घेत नाही."

भात कापून झाला होता, खाचरं मोकळी पडली होती. लांबचं दिसतं, पळायला जागा, आणि हाक मारायला कोणी नाही. खळ्यावर पेंढ्याच्या ढिगाशी काकूंची म्हातारी कुत्री उन्हाला पडलेली असायची. जग बुडालं तरी ती उठायची नाही. माझ्या कामाला तीच बरी. मी पार दुसऱ्या टोकाच्या बांधावर गड्याला घेऊन गेले. त्यानं तिला बघितलं, कान ताठ झाले, अंग आखडलं. मी तोंडात सुकट घातली. त्यानं गिळली, परत बघितलं. परत सुकट. भुंकला नाही! मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. दुसऱ्या दिवशी तेच. घाई केली त्या दिवशी भुंकला, मागे फिरले. असं करत करत एका सकाळी तो कुत्रीकडे बघून आपणहून माझ्याकडे वळला आणि तोंड वर करून उभा राहिला, म्हणजे, बघितलं मी, आता दे. मी बांधावर बसले आणि ढसाढसा रडले. खोटं कशाला सांगू?

खाचरात राजा झाला, पण गल्लीत? गल्लीत तर दर दाराला कुत्रा आणि दर दाराला हाक. मी ठरवलं, थांबायचं नाही. पहिल्याच दारातून आलं, "कुत्र्याला कुठं न्हेलंवतंस गं?" मी मान हलवून पुढे. दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारातली म्हातारी तर माझ्यामागे चार पावलं चालत आली, "आगं, बोलत का नायस? काय झालं? नवऱ्याशी भांडलीस का?" तिच्या मागून तिचा कुत्रा आला आणि सगळा बट्ट्याबोळ. संध्याकाळी टाकीपाशी माझा उद्धार झाला तो वेगळाच. चुलत जाऊ येऊन सांगून गेली, "म्हनतात, कुत्र्याला लाडू आन् मानसाला ठेंगा."

मग मात्र माझं डोकं तापलं. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लग्नसराई तोंडावर. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्या कपाटात. जी बाई माप द्यायला नाहीतर घ्यायला येईल तिला मी मशीनवरून मान वर न करता सांगायला सुरुवात केली, "माझ्याबरोबर नाहीतर मामांबरोबर कुत्रा असला की वाटेत हाक मारायची नाही. कुठं चालली विचारायचं नाही. दगड मारायचा नाही, हाड् म्हणायचं नाही. आपला कुत्रा आत घ्या, नाहीतर गप्प बसा. हे पाळलं नाही तर ब्लाउज लग्न झाल्यावर."

बायका हसल्या. त्यांना गंमत वाटली. एका बाईनं मुद्दाम हाक मारून बघितली. तिचा ब्लाउज मी हळदीच्या दिवसापर्यंत बिनहुकाचा ठेवला. ती हातापाया पडायला आली तेव्हा दिला. त्यानंतर काय विचारता! मी गड्याला घेऊन निघाले की गल्लीत सामसूम. सुपात पाखडणाऱ्या सुपात बघायच्या, धुणं वाळत घालणाऱ्या दोरीकडे. काकू ओठ घट्ट मिटून नुसते डोळे मोठे करायच्या, त्यांच्या पोटात "कुठं चाललीस" मावत नसायचं. एक गडी चुकून "काय वैनी" म्हणाला, तर त्याची बायको आतून धावत आली, "आवो, गप बसा! माझा पैठणीचा ब्लाउज हाय तिच्याकडं!" मी जे हसले, की गड्याही शेपटी हलवायला लागला.

गाव सुधारलं. आता मामा. प्लास्टर निघालं होतं, आणि गड्याला मी कितीही शिकवलं तरी फिरवायचं त्यांनाच होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. लांब पट्टा, ढिला हात, सुकट, आणि थांबायचं नाही. शेवटच्या गोष्टीला ते बिथरले.

"मानसानं जय भीम घातला तर थांबायचं नाय? मग मी बाहेर पडू कशाला गं? कुत्र्याला हगवायला?"

त्यांचं खरं होतं. त्यांच्यासाठी फिरणं म्हणजे तेच होतं. मी जरा विचार केला आणि म्हटलं, "मामा, जयंतीच्या मिरवणुकीत तुम्ही सगळ्यांना जय भीम घालता ना? तेव्हा काय थांबता?"

"तवा कसं थांबू? मागची मानसं अंगावर येतील."

"मग असं समजा की गड्याची रोजच जयंती आहे."

ते असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. अंगणात आम्ही तालीम केली. मी नाक्यावरचा माणूस झाले, समोरून येऊन "जय भीम बाबा!" म्हणायचे, आणि मामा हात वर करून "जय भीम!" म्हणत पुढे. आधी दर वेळेला त्यांचे पाय आपोआप थांबायचे. इतक्या वर्षांची सवय ती. मी ओरडायची, "चाला! मागची माणसं अंगावर येतील!" शेवटी जमलं. खाचरातून गल्लीत, गल्लीतून विहारापर्यंत मामा आणि गड्या जायला लागले, मी दहा पावलं मागे. पट्टा मामांच्या हातात, माझा जीव मुठीत.

आणि नेमकं ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी घात झाला. आम्ही विहारापासून परत येत होतो, हे समोरून येत होते. उभ्या टेंपोच्या मागून मुंबईच्या पाहुण्यांचा एक भलामोठा केसाळ कुत्रा एकदम पुढ्यात आला, अगदी नाकाला नाक. गड्याचा भडका उडाला. मी झेप घेऊन पट्टा धरला, मामा पडले नाहीत, पण डगमगले. ह्यांनी ते डगमगणं बघितलं.

"बस झालं," ते म्हणाले आणि तिथंच मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर म्हणाला, नाताळापासूनच बुकिंग आहे, मी रविवारीच टेंपो घेऊन येतो. मी म्हटलं, "थर्टी फर्स्टपर्यंतचा शब्द होता." हे म्हणाले, "बाबा पडले असते तर तुझ्या शब्दाचं काय लोनचं घालायचं होतं?" मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढलं, पण आपटून वाढलं.  मामा मात्र भिंतीकडे तोंड करून बसले नाहीत. रोज गड्याला घेऊन खाचरात जात राहिले, मला न सांगता.

रविवार आला. टेंपो आमच्या गल्लीत शिरत नाही, म्हणून मॅनेजर नाक्यावर थांबला होता. ह्यांनी पट्टा हातात घेतला. मामा म्हणाले, "दे हिकडं. मी न्हेतो."

"बाबा, परत पडाल."

"मी न्हेतो म्हनलं ना. माझा कुत्रा हाय, मीच देनार."

ह्यांनी पट्टा दिला.  म्हातारा स्वतःच्या हातानं कुत्रा द्यायला निघाला, असंच मला वाटलं. सगळी गल्ली दारात उभी होती. काय चाललंय ते सगळ्यांना कळलं होतं, आणि कोणी हाक मारली नाही. हे मामांच्या मागे, मी ह्यांच्या मागे.

रविवारचा नाका म्हणजे गाड्याच गाड्या. टपरीपाशी काळा कुत्रा, शेजारी त्याचे तीन सोबती उष्ट्या पत्रावळ्या चाटत बसलेले. मॅनेजर टेंपोला टेकून उभा, हातात साखळी. मामा थांबले नाहीत. हात ढिला, पट्ट्याला चांगला झोळ. काळा उठला आणि भुंकला. गड्याचे कान ताठ झाले.  ह्यांनी पुढे पाऊल टाकलं, मी मागून त्यांचा शर्ट धरला. गड्यानं काळ्याकडे बघितलं, आणि मान वर करून मामांकडे बघितलं. मामांचा हात खिशातून त्याच्या तोंडाकडे गेला. दोघं चालत राहिले.

"जय भीम बाबा!" टपरीवाला म्हणाला.

"जय भीम!" मामांनी हात वर केला. पाय थांबले नाहीत.

दोघं मॅनेजरच्या पुढून गेले, टेंपोला पूर्ण वळसा घातला आणि त्या सगळ्या कुत्र्यांमधून परत आले. आता चारही कुत्री भुंकत होती. गड्या मामांच्या पायाशी शांत बसला आणि त्यांच्या खिशाकडे बघायला लागला.

मॅनेजरनं टाळी वाजवली. "छू! छू! भुंक की रं!" त्यानं टेंपोच्या फाळक्यावर साखळी आपटली. नाक्यावरची कुत्री आणखी चेकाळली. गड्यानं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि जांभई दिली.

"आवो, हा भुंकत का नाय?" मॅनेजर ह्यांना म्हणाला. "तुमी तर म्हनलात, कुत्रा दिसला की आबाळ डोक्यावर घेतो. गेटवर हा काय करनार? येनाऱ्याची सुकट खानार?"

"खाईल की," मामा म्हणाले. "भाजलेली मातर पायजे."

"नको बाबा मला. मला भुंकनारा पायजे." त्यानं साखळी टेंपोत टाकली आणि रिकामा टेंपो घेऊन गेला. मागे अख्खा नाका हसत होता. टपरीवाल्यानं तर उकळतं भांडं खाली ठेवून शिट्टी मारली. मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. एवढं मात्र खरं, की इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

हे तिथंच उभे होते. मान खाली. मग हळूच म्हणाले, "बाबा, मला ह्याचा राग नव्हता. तुमी त्या गटारात पडलेले मला झोपेतपन दिसायचे. तुमाला काय झालं असतं तर?"

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. "तुजी आय गेली आन् मी ओट्यावर बसून होतो, तवा नाय का रं भ्या वाटलं तुला? मी तितंच मरत होतो. बाहेर पडून एक मनगट मोडलं, येवढंच."

ह्यांचे डोळे भरून आले, भर नाक्यावर, चार लोकांत. त्यांनी ते बाहीनं पुसले. मामा म्हणाले, "चल. विहारापर्यंत जाऊन येऊ."

बाप-लेक निघाले, गड्या दोघांच्या मधून. मी त्यांच्या मागे गेले नाही. तिथं आता माझं काही काम नव्हतं.